आकडा वाऱ्याचा, रंग पावसाचा: हाँगकाँगमधला टायफूनचा पावसाळा कसा वाचायचा

१ सप्टेंबर २०२३. नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. साओला नावाच्या टायफूनसाठी, म्हणजे इकडच्या चक्रीवादळासाठी, हाँगकाँगमध्ये दहा नंबरचा बावटा लागला. याच्या वर इथे नंबरच नाही. आम्ही खिडक्यांच्या कड्या तपासल्या, कुंड्या आत घेतल्या, बादल्या भरल्या आणि रात्र जागून काढली. सकाळी रस्त्यावर झाडं आडवी पडलेली दिसली, पण घरातली फरशी कोरडी होती.

सहा दिवसांनी दहीहंडी होती. त्या रात्री एकही बावटा लागलेला नव्हता. आणि ११ ते १२ या एका तासात वेधशाळेच्या मुख्यालयात १५८.१ मिलिमीटर पाऊस झाला. १८८४ पासूनच्या नोंदींत एका तासात एवढा पाऊस कधीच पडला नव्हता. वोंग ताई सिनच्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, चाय वानमध्ये रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि आमच्या बाल्कनीतलं पाणी उंबरठा ओलांडून हॉलमध्ये आलं. मी आणि बायको पहाटेपर्यंत पोतेऱ्याने पाणी काढत होतो.

कोकणात वाढलेला माणूस पावसाला घाबरत नाही, मीही घाबरत नव्हतो. त्या रात्री मात्र कळलं की इथला पाऊस मला वाचताच येत नव्हता. नोकरीसाठी, शिक्षणासाठी इथे नव्याने येणाऱ्या मराठी माणसांसाठी आणि गावाकडून काळजीने फोन करणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख लिहितो आहे. शेन्झेन, मकाव किंवा ग्वांगझूला राहत असाल तर इशाऱ्यांचे नियम वेगळे असतील, पण समुद्र, वारा आणि ढग हेच.

आधी नक्षत्रं विसरा

आपल्या डोक्यात पावसाचं कॅलेंडर पक्कं असतं. मेमध्ये वळीव, जूनमध्ये मृग, मग आर्द्रा, श्रावणातला ऊनपाऊस, शेवटी हस्त. चक्रीवादळ या कॅलेंडरच्या कडेला येतं: निसर्ग ३ जून २०२०ला आलं, तौक्ते मे २०२१मध्ये. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात मोठं चक्रीवादळ सहसा होत नाही. त्या काळात खालून नैऋत्येचा जोरदार वारा वाहतो आणि उंचावर त्याच्या उलट पूर्वेचा. वादळाचा खांब उभा राहायच्या आत या ओढाताणीत मोडतो.

इथे तसं नाही. पश्चिम प्रशांत महासागर आणि दक्षिण चीन समुद्रात टायफूनचे मुख्य महिने जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन मॉन्सूनचेच. आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी येणारे दोन पाहुणे इथे एकाच पंगतीला बसतात. टायफून आपला पाऊस घेऊन येतो, आणि तो निघून गेल्यावर नैऋत्य मॉन्सून त्याच्या मागून आणखी बाष्प ओढून आणतो.

वर्षाचा पाऊस साधारण २४०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास. त्यातला सुमारे ८० टक्के मे ते सप्टेंबरमध्ये पडतो. हिवाळ्यात ईशान्य मॉन्सून चीनच्या भूभागावरून कोरडी, गार हवा आणतो. मार्च-एप्रिलमध्ये अचानक दमट दक्षिणवारा सुटतो आणि थंड भिंतींना घाम फुटतो. आरशावर, फरशीवर, कपाटातल्या चपलांवर पाणी जमतं. कँटोनीजमध्ये याला ‘वुई नाम टिन’ म्हणतात. या दिवसांत खिडक्या उघडून घर वाळवायला जाऊ नका, उलट बंद ठेवा. मेच्या मध्याला उन्हाळी मॉन्सून येतो आणि ड्रॅगन बोटीच्या सणाच्या आगेमागे जो कोसळतो त्याला इथली मंडळी ‘ड्रॅगन बोटीचं पाणी’ म्हणतात. या पावसात टायफून नसतो. कमी दाबाचा पट्टा किनाऱ्यावर अडकतो आणि ढगांवर ढग चढत जातात. इथला पाऊस एकसुरी झडीचा कमी आणि गर्जून कोसळणाऱ्या सरींचा जास्त.

ऑक्टोबर सुंदर असतो, पण दिवाळी झाली म्हणजे सुटलो असं समजू नका. २०२४मध्ये तोराजी या वादळासाठी आठ नंबरचा बावटा नोव्हेंबरच्या मध्याला लागला होता.

पहिली पायरी: आकडा फक्त वाऱ्याचा असतो

आपल्या बंदरात ‘तीन नंबरचा बावटा लावला’ अशी बातमी येते, तशीच पद्धत इथे १९१७पासून आहे. पूर्वी खांबावर खुणा चढवत. शेवटचा खांब २००२च्या सुरुवातीला बंद झाला, आता नंबर फक्त फोनवर, टीव्हीवर आणि इमारतीच्या दारातल्या फलकावर दिसतो. लोक अजूनही त्याला ‘वाऱ्याचा गोळा’ म्हणतात.

नंबर पाच आहेत: १, ३, ८, ९, १०. एक नंबर म्हणजे वादळ सुमारे ८०० किलोमीटरच्या आत आलं, लक्ष ठेवा. तीन म्हणजे सततचा वारा ताशी ४१ ते ६२ किलोमीटर. आठ म्हणजे ६३ ते ११७. नऊ म्हणजे तो वाढतो आहे किंवा वाढणार आहे, आणि दहा म्हणजे ११८ किंवा त्याहून जास्त. मधले आकडे गाळलेले वाटतात, त्याचं कारण १९७३ सालचं: तेव्हाच्या ५, ६, ७, ८ या चार खुणा काढून सगळ्यांना आठ नंबर दिला आणि पुढे दिशा जोडली. म्हणून ८ ईशान्य, ८ वायव्य, ८ आग्नेय, ८ नैऋत्य असे चार आठ आहेत. ‘८ ईशान्य’ बदलून ‘८ आग्नेय’ झालं म्हणजे वादळ वाढलं असा समज नव्या माणसाचा हमखास होतो. जोर तोच असतो, वाऱ्याची दिशा फिरलेली असते. पण ही बातमी फार कामाची आहे. आतापर्यंत आडोशाला असलेली तुमची खिडकी आता वाऱ्याच्या तोंडावर येऊ शकते.

आपल्या बंदरातल्या आकड्यांशी इथल्या आकड्यांचा मेळ घालू नका. आईला मी हे तीनदा समजावलं आहे. आकडे तेच दिसले तरी अर्थ वेगळे आहेत.

या सगळ्या मोजपट्टीत पावसाचा एक थेंबही नाही, हे मनावर कोरून ठेवा. एक नंबरलाही धो धो पडू शकतो, दहा नंबरलाही मधूनच उघडीप मिळू शकते.

दुसरी पायरी: रंग तासाचा असतो, दिवसाचा नाही

पावसाला रंग आहेत: अंबर (गडद पिवळा), लाल आणि काळा. तासाला ३० मिलिमीटरच्या वर अंबर, ५०च्या वर लाल, ७०च्या वर काळा. तेवढा पाऊस शहरभर पडला असेल किंवा पडण्याची चिन्हं असतील आणि पुढेही चालू राहणार असेल, तर इशारा निघतो.

आपण इथेच फसतो. भारतीय हवामान विभागाचा पिवळा, नारंगी, लाल अलर्ट येणाऱ्या दिवसांसाठी असतो आणि मोजणी २४ तासांची: ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६पासून अति जोरदार, २०४.५पासून अत्यंत जोरदार. आदल्या संध्याकाळी उद्याचा रंग कळतो. हाँगकाँगचा रंग चालू घटकेचा असतो. संध्याकाळी सहाला काही नसतं आणि रात्री अकराला थेट काळा लागतो. ‘सकाळी रंग नव्हता’ या आधारावर दिवस आखू नका.

तासाचा आकडा ऐकून अंदाज येत नसेल तर हिशोब असा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माझी बाल्कनी तीन चौरस मीटरची. १५८ मिलिमीटर म्हणजे ४७४ लिटर, वीस लिटरच्या जवळजवळ चोवीस बादल्या, एका तासात. हे फक्त सरळ वरून पडणारं. वाऱ्याने भिंतीवर आपटून ओघळणारं पाणी वेगळंच.

तिसरी पायरी: मोरीची परीक्षा

त्या रात्री घरात पाणी आलं ते एका पानामुळे. वरच्या कुणाच्या तरी कुंडीतलं, तळहाताएवढं रुंद, जाड पान बाल्कनीच्या जाळीवर चपखल बसलं होतं. मी गुडघाभर... नाही, घोट्याएवढ्या पाण्यात हात घालून ते काढलं तेव्हा पाणी गुडगुडत खाली गेलं. तेव्हापासून मी एप्रिलच्या शेवटी ही परीक्षा घेतोच.

जाळी काढा, हाताने गाळ उपसा, केस आणि माती काढा. वीस लिटरची बादली बाल्कनीत एकदम ओता आणि घड्याळ लावा. तीन चौरस मीटरच्या बाल्कनीवर काळ्या इशाऱ्याचा ७० मिलिमीटरचा पाऊस मिनिटाला साडेतीन लिटर पाणी टाकतो. म्हणजे बादली साधारण पावणेसहा मिनिटांत गेली तरी कागदावर पुरतं. पण १५८ मिलिमीटरला तीच बादली अडीच मिनिटांत जायला हवी, आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी धरलं तर मी दीड मिनिटाच्या आत गेली तरच समाधानी होतो. त्याहून जास्त वेळ लागला तर इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा. जूनमध्ये प्लंबर मिळत नाही.

सपाट जाळीऐवजी घुमटासारखी उंच जाळी लावा, पान तिच्यावर पसरून बसत नाही. खिडकीत बसवलेला एसी असेल तर त्याच्या चौकटीभोवतीची फट बघा. टायफूनमध्ये पाऊस आडवा येतो आणि वर्षभर कोरडी राहिलेली फट तेव्हाच बोलते.

काचेवर टेपची फुली मारण्याची चाल सगळीकडे दिसते. टेपने काच मजबूत होत नाही. फुटली तर तुकडे कमी उडतात, इतकंच. त्यापेक्षा खिडकीच्या बिजागऱ्या आणि कड्या तपासून घ्या. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे रिव्हेट जुने झाले की अख्खं तावदान खाली पडतं. वादळात पलंग खिडकीपासून दूर सरकवा.

चौथी पायरी: वाऱ्याची दिशा बघून टायफून कुठून जातो ते ओळखा

आपल्या गोलार्धात वारा वादळाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. बहुतेक टायफून आग्नेयेकडून, फिलिपिन्सच्या बाजूने येतात, म्हणून सुरुवातीचा वारा ईशान्येचा किंवा उत्तरेचा असतो. त्यानंतर तो कुणीकडे वळतो ते बघा.

ईशान्येकडून पूर्व, मग आग्नेय, मग दक्षिण असा वारा फिरला, तर वादळ तुमच्या दक्षिणेकडून पश्चिमेला चाललं आहे. ही वाईट बाजू. वारा समुद्रावरून येतो, बाष्प आणतो, पाणीही किनाऱ्याकडे लोटतो. २०१८चा मांगखुत आणि २०१७चा हातो, दोन्ही टायफून असेच गेले. उलट उत्तरेकडून वायव्य, मग पश्चिम असा वारा फिरला, तर वादळ तुमच्या पूर्वेने जमिनीवर चढतं आहे. तेव्हा वारा जमिनीवरून येतो, पाऊस बऱ्याचदा कमी पडतो. मात्र वादळ उत्तरेला विरल्यावर नैऋत्येचा वारा सुटतो आणि खरा पाऊस तेव्हा येऊ शकतो.

वादळ येण्याच्या आदल्या दिवशी आकाश निरभ्र, हवा स्तब्ध आणि उकाडा असह्य असला तर हुरळू नका. टायफूनच्या बाहेरच्या कडेला हवा वरून खाली बसते, दाबली जाते आणि तापते. ढग विरतात, वारा पडतो. २२ ऑगस्ट २०१७ला वेधशाळेत ३६.६ अंशांची नोंद झाली, तोवरच्या इतिहासातला सर्वांत उष्ण दिवस. दुसऱ्याच दिवशी हातोसाठी दहा नंबर लागला.

पाचवी पायरी: रडार बघायला शिका

‘मायऑब्झर्वेटरी’ हे वेधशाळेचं ॲप पहिल्या दिवशीच फोनमध्ये घ्या. तुम्ही असाल त्या जागेचा पुढच्या दोन तासांचा पावसाचा अंदाज त्यात मिळतो. पण नुसता अंदाज वाचून थांबू नका, रडारची चित्रफीत चालवा.

दोन गोष्टी बघा. एक, लाल-जांभळे ठिपके कुठून कुठे सरकतात. सरकत असतील तर सर येईल आणि जाईल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ठिपके पुढे जातात, पण त्यांच्या मागून त्याच जागी नवे उगवतात का? मालगाडीचे डबे एकाच फाटकावरून जातात तसे ढग एकामागून एक त्याच डोंगरावरून जात असतील, तर पाऊस थांबणार नाही. हाईकुईच्या अवशेषांनी ७ सप्टेंबरच्या रात्री तेच केलं. तो टायफून तैवान ओलांडून फूजियानमध्ये जमिनीवर चढून मोडला होता, नावही बातम्यांतून गेलं होतं. उरलेला कमी दाब सावकाश पर्ल नदीच्या मुखाकडे सरकला आणि तिथे रेंगाळला. काळा इशारा १६ तासांहून अधिक काळ राहिला. मोडलेल्या टायफूनवर म्हणूनच पुढचे तीन-चार दिवस लक्ष ठेवायचं.

सहावी पायरी: समुद्रासाठी तिथी बघा

किनाऱ्यालगत राहत असाल, म्हणजे ताई ओ, लेई यू मुन, हेंग फा छुन अशा ठिकाणी, तर आपलं पंचांग इथे कामाला येतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, सप्तमी-अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही माहीत असतं. वादळाचा कमी दाब आणि वारा मिळून समुद्र फुगवतात, आणि ती फूग भरतीच्या पाण्यावर चढते.

हातो आला २३ ऑगस्ट २०१७ला. दोन दिवस आधी अमावस्या होती, अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसलं तीच. उधाण आणि वादळ एकत्र आले. शेजारच्या मकावमध्ये १० जण गेले, त्यातले काही तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकले होते. मांगखुत आला १६ सप्टेंबर २०१८ला, रविवारी. आमच्याकडे गौरीपूजन होतं, सप्तमी, म्हणजे भांगाचे दिवस. तरीही क्वारी बे इथे समुद्र नेहमीपेक्षा २.३५ मीटर वर चढला, आणि एकूण पातळी हातोपेक्षाही वर, ३.८८ मीटरवर गेली. हेच वादळ आठवडाभर आधी अमावस्येला आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून एक नंबर लागला की तिथी बघा, वेधशाळेच्या तक्त्यात भरतीची वेळ बघा, आणि गाडी तळघरात असेल तर तीन नंबरलाच वर काढा. दहा नंबर असताना लाटा बघायला किंवा व्हिडिओ काढायला कुणीही, अगदी कुणीही, किनाऱ्यावर जाऊ नये.

सातवी पायरी: डोंगर

हाँगकाँग डोंगर कापून उभारलेलं शहर आहे. १८ जून १९७२ला साउ माउ पिंग आणि पो शान रोड इथल्या दोन दरडींनी १३८ माणसं मारली. तेव्हाही टायफून नव्हता, तीन दिवसांचा सलग पाऊस होता. माळीण, तळीये, इर्शाळवाडी आठवणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. त्या घटनांनंतर, १९७६ला पुन्हा माणसं गेल्यावर, १९७७मध्ये उतारांवर देखरेख करणारं सरकारी खातं उभं राहिलं. आज सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांची नोंद आहे आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी असते. घरामागच्या उताराचा क्रमांक लिहून ठेवा, तक्रार करताना तोच लागतो.

दरडीचा इशारा लागला की उताराच्या पायथ्याचा रस्ता टाळा. संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. त्यातून स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत आपलं काम करते आहे. गढूळ, मातीचं पाणी येऊ लागलं, किंवा मुसळधार पावसात भोकं अचानक बंद पडली, तर तिथून निघा आणि ९९९ या आपत्कालीन नंबरला कळवा.

आठ नंबर लागायच्या आधीचे दोन तास

आठ नंबर लावायच्या आत दोन तास वेधशाळा पूर्वसूचना देते. ती आली की कचेऱ्या सुटतात आणि सगळं शहर एकदम घराकडे निघतं. फेरीबोटी आणि बस हळूहळू बंद होतात. एमटीआर, म्हणजे इथली मेट्रो, कमी गाड्यांनिशी चालते, पण नऊ-दहा नंबरला उघड्यावरचे मार्ग थांबतात. फेरीबोटीने जायच्या बेटावर राहत असाल तर सूचनेची वाट न बघता आधीच निघा. बालवाड्या तीन नंबरलाच बंद होतात, मोठ्या शाळा आठला. पोरं शाळेत असताना काळा इशारा लागला तर त्यांना आणायला धावू नका. ती शाळेतच सर्वांत सुरक्षित असतात, शाळा त्यांना पाऊस ओसरेपर्यंत ठेवून घेते.

घरात दोन दिवसांचं प्यायचं पाणी, पोहे, बिस्किटं, भरलेली पॉवर बँक, औषधं, बॅटरी पुरे. भाजीसाठी आठ नंबरच्या संध्याकाळी धावलात तर रिकामी फडताळं दिसतील.

आणि गावाकडे एक निरोप आधीच देऊन ठेवा. मी आईला आता आकडाही सांगतो आणि रंगही. ‘आठ नंबर आहे, पण रंग नाही, भरती रात्री दोनला’ एवढं वाक्य तिला पुरतं. मागच्या वेळी तिनेच उलट विचारलं, ‘टायफून गेला ना, मग मागचा पाऊस कधी येतोय?’ मी रडार उघडून बघितलं, बाल्कनीत गेलो आणि जाळी पुन्हा एकदा साफ केली.